धा एकदाच वाजला पाहिजे

मामांच्या पखवाजाच्या जुन्या कॅसेटी सूर न उतरवता हळू करून देणारं सॉफ्टवेअर मी एका जुन्या कॉम्प्युटरसाठी शोधलं, त्याची ही गोष्ट. जुना म्हणजे नक्की किती जुना, ते आधी सांगतो. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम आणि ३२-बिटचं विंडोज ७. सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या माझ्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. विंडोज ७चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२०मध्ये बंद केला, तरी मी ते काढलेलं नाही. डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याची डाँगल (मशीनला लावायची परवान्याची चावी) फक्त त्याच्यावर चालते आणि एखादं जुनं गिऱ्हाईक “मागच्या वेळचीच पत्रिका काढा” म्हणत आलं की ते लागतंच. दुकानात नवीन मशीन आल्यावर हे मागच्या खोलीत गेलं. त्या खोलीत संध्याकाळी आमच्या भजनी मंडळाचा सराव असतो. जुना ॲम्प्लिफायर आणि दोन बॉक्स तिथेच पडून आहेत.

काम असं होतं. मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, नव्वदच्या दशकात अशोक चौकाकडे एका गुरुजींकडे पखवाज शिकायला जायचे. टेपरेकॉर्डर मांडीशी ठेवून त्यांनी तिथल्या तालमी कॅसेटवर घेतल्या. गुरुजी आधी बोल, म्हणजे धा, धुम अशी अक्षरं, तोंडाने म्हणतात, मग वाजवतात. कुणीतरी पेटीवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाला धरून पुन्हा पुन्हा फिरणारी धून, धरलेला. आणि या सगळ्याच्या मागे शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागाची अखंड खटखट. त्या भागात त्या काळी शांत खोली मिळणं शक्यच नव्हतं. गुरुजी आता नाहीत. तेच बोल मामा मंडळातल्या पोरांना शिकवतात. आषाढीला दिंडी पंढरपूरला चालत जाते, त्याआधी पोरांचे हात बसायला हवेत. ठेका पोरं पटकन उचलतात, पण रेला, म्हणजे भरभर धावणाऱ्या अक्षरांची रचना, आला की कुठलं बोट कुठं पडतंय ते नुसतं ऐकून कळत नाही. मामांची मागणी सरळ होती: “टेप हळू लाव बे, पण सूर उतरू देऊ नको.”

सूर उतरू द्यायचा नाही, ही अट शौकाची नव्हती. पखवाज काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळी पट्टीच्या सुराला लावलेला असतो, कणीक लावून, ठोकून. पोरांनी टेपसोबत वाजवायचं तर टेपनेही काळी एकलाच राहायला हवं. साधी टेप हळू फिरवली की लयीबरोबर सूरही घसरतो. निम्म्या वेगाला तर अख्खं सप्तक खाली जातो. लय वेगळी आणि सूर वेगळा करून देणारं सॉफ्टवेअर हवं होतं, आणि ते या मशीनवर चालायला हवं होतं. “मोबाइलवर होतंय की,” असं मंडळातल्या प्रत्येक पोराने एकदा तरी सांगितलं. होतं. पण सहा पोरांनी आणि एका मामांनी मोबाइलभोवती वाकून पखवाज वाजवून बघावा, मग बोलू.

सॉफ्टवेअरच्या आधी एक गोष्ट निस्तरावी लागली. कॅसेट एका टेपरेकॉर्डरवर भरलेली आणि दुसऱ्यावर वाजवलेली असली की वेगात शेकडा दोन-तीनचा फरक सहज पडतो. एका सुरापासून लगतच्या सुरापर्यंत, म्हणजे पांढरीपासून शेजारच्या काळीपर्यंतचं अंतर सुमारे सहा टक्के. म्हणजे कॅसेट तीन टक्के धावली तर पेटी दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे कुठेतरी बोलते आणि तिच्यासोबत कुणालाच वाजवता येत नाही. इथे लय-सूर वेगळे करणारं हत्यार चालवायचं नसतं. चूक लय आणि सूर दोन्हींत सारखीच झालेली असते, तेव्हा दुरुस्तीही दोन्हींना एकदम हवी: ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जुळवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याला ‘चेंज स्पीड’ म्हणतात. शिवाय ही दुरुस्ती आवाजाला जवळजवळ काहीच इजा करत नाही. फक्त लय बदलणारा ‘चेंज टेम्पो’ मात्र इजा करतो.

मूळ वेग ओळखायचा कसा? परदेशी संग्रहांमध्ये टेपमध्ये उतरलेली विजेची गुणगुण मोजतात. ती ५० हर्ट्झला असायला हवी, तिथे ५१ दिसली तर टेप दोन टक्के पळते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ग्रिडची वारंवारता स्वतःच पन्नासच्या खाली-वर हिंडत होती, तेव्हा तो काटा आपल्या कामाचा नाही. मामांनी सोपं केलं. गुरुजींची पेटी त्यांच्या मुलाकडे आहे. तिचा काळी एक मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला आणि कॅसेटमधल्या लेहऱ्याचा सा त्याच्याशी जुळेपर्यंत वेग सरकवला. पेटीचे सूर वर्षानुवर्षांत थोडे हलतात हे मान्य. पण पोरांना वाजवायला एवढं पुरतं.

कॅसेट कॉम्प्युटरात घेताना मात्र जुनं मशीन नव्याच्या पुढे निघालं. त्याच्या पाठीमागे निळसर रंगाचं लाइन-इनचं भोक आहे. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून तिथे लावली की काम झालं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपना माइक-हेडफोन मिळून एकच भोक असतं, त्यांना यूएसबीची वेगळी डबी घ्यावी लागते. रेकॉर्डिंग मोनो ठेवलं. टेपरेकॉर्डरचा माइक एकच होता, मग दोन चॅनेल भरून कुणाचं भलं? मोनोमध्ये ४४,१०० हर्ट्झ, १६ बिटला मिनिटाला सुमारे पाच एमबी जागा लागते, म्हणजे साठच्या कॅसेटची एक बाजू दीडशे-एकशे साठ एमबीत बसते. दोन जीबी रॅमच्या मशीनला हे झेपतं. आणि घेतलं ते वेव्हमध्येच, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये. एका पोराने आधी हौसेने दोन बाजू एमपीथ्री करून आणल्या होत्या. नेहमीच्या वेगाला त्या ठीक वाटत होत्या, पण हळू केल्या की एमपीथ्रीने जिथे जिथे काटकसर केलेली असते ते सगळं चुळबुळ करत वर येतं. एमपीथ्री करायची ती सगळ्यात शेवटी, पोरांच्या फोनसाठी.

मग निवडीचं मुख्य काम. मी आधी परीक्षेचा पेपर काढला, सॉफ्टवेअर मागाहून. एकाच कॅसेटमधून तीन छोटे तुकडे कापले: पहिला रेला, दुसरा गुरुजी तोंडाने बोल म्हणतात तो, तिसरा नुसता लेहरा. सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत गिटार आणि इंग्रजी गाणी ऐकवतात. त्यांवरून पखवाजाचं काय होईल ते कळत नाही. आणि आमच्या तुकड्यांत एक फुकटचा परीक्षक बसलेला होता, तो म्हणजे यंत्रमाग. मागाची खटखट इतकी एकसारखी असते की हळू केल्यावर त्यात कुठे एक ठोका जास्त पडला किंवा एक लंगडला तर पखवाज न कळणाऱ्यालाही तो ऐकू येतो.

सुरुवात व्हीएलसी या प्लेअरने केली, कारण ते मशीनवर आधीपासून होतं. चौकोनी कंसाच्या बटणांनी वेग कमी-जास्त होतो आणि सूर जागेवर राहतो. जुन्या मशीनला त्याचा भार काहीच नाही. ‘ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स’ चालू केले की एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतचा तुकडा फिरवत ठेवायचं बटणही मिळतं, आणि सरावाला तेच सगळ्यात जास्त लागतं. गुरुजींचं बोलणं ७० टक्क्यांना स्वच्छ आलं. रेलाही कामचलाऊ आला. लेहरा मात्र खरखरीत झाला, लांब धरलेला सूर थरथरायला लागला.

हे असं का होतं ते समजून घेतलं आणि पुढची निवड सोपी झाली, म्हणून इथे थोडं थांबतो. या सॉफ्टवेअरांची नावं शंभर असली तरी आतले मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला मार्ग ध्वनीचे बारीक तुकडे पाडतो आणि लय हळू करायची असेल तर काही भाग पुन्हा वाजवतो. सांधा कळू नये म्हणून दोन तुकड्यांच्या लाटा जिथे एकमेकींशी जुळतात ती जागा शोधतो आणि तिथे एकातून दुसऱ्यात अलगद जातो. १९९३ साली ब्रुसेल्सच्या दोन संशोधकांनी मांडलेली याची एक सुधारित रीत डब्ल्यूसोला या नावाने आजही अनेक ठिकाणी आहे. दुसरा मार्ग फेज व्होकोडरचा, मूळ बेल लॅब्जमधलं १९६६चं काम. तो आवाजाची त्यातल्या वेगवेगळ्या कंपनांत फोड करतो, प्रत्येक कंपन वेळेत ताणतो आणि परत एकत्र बांधतो. पहिला हलका, दुसरा जड. पहिल्याला एकट्याचा आवाज आवडतो, दुसऱ्याला भरलेला, लांब धरलेला सूर.

आणि दोघांनाही पखवाज आवडत नाही. पहिल्याने धा दोनदा वाजतो, दुसऱ्याने धाची धार जाते.

धा दोनदा कसा वाजतो, ते सॉक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये मला अगदी आकड्यांत दिसलं. सॉक्सला खिडकी, बटणं काही नाहीत; काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. त्यामुळे जुन्या मशीनवर तो वाऱ्यासारखा पळतो. त्याच्या ‘टेम्पो’ या आज्ञेत तुकड्याची लांबी ठरलेली असते ८२ मिलिसेकंद, जुळणी शोधायची मर्यादा १४.६८ आणि सांध्याची लांबी १२. आता गुरुजींचा रेला घ्या. साधारण नव्वद मात्रांची लय, मात्रेला आठ अक्षरं. म्हणजे सेकंदाला बारा अक्षरं, दोन अक्षरांमधलं अंतर ८३ मिलिसेकंद. तुकड्याची लांबी आणि अक्षराचं अंतर एकच! पुन्हा वाजवलेल्या भागात अख्खं अक्षर सापडतं आणि नवं अक्षर म्हणून पडतं.

मामांना मी हे काही सांगितलं नव्हतं. रेला लावला, त्यांनी दोन आवर्तनं ऐकली आणि हात वर केला.

“थांब बे. तिथं गुरुजी एकच धा मारतेत. हा दुसरा कुठनं आला?”

“मामा, मशीन डबल करतंय.”

“मग मशीनला सांग, धा एकदाच वाजला पाहिजे.”

मी तुकडा लहान केला. सॉक्सच्या माहितीपानातच लिहिलंय की लय निम्मी-दुप्पट अशी फार बदलायची असेल तर ४१ मिलिसेकंद बरे पडतात. त्याहून खाली तीसपर्यंत गेलो तेव्हा जादाचा धा गेला. व्हीएलसीचा रेला आधीच बरा का वाटत होता तेही तेव्हा कळलं: त्यात ही लांबी मुळातच ३० आहे. ज्याला खेळायचं असेल त्याला सगळ्या सेटिंग्ज दाखवून ऑडिओच्या फिल्टरांमध्ये ‘स्केलटेम्पो’खाली ती बदलता येते. पण तुकडा लहान करायची किंमत लेहऱ्याने मोजली. तुकडे जितके बारीक तितके सांधे जास्त, आणि खर्जात तर सांधा जुळणं अवघड. काळी एकचा मधला सा साधारण १३८ हर्ट्झ, त्याचा खर्ज ६९. खर्जाची एक लाट पूर्ण व्हायला साडेचौदा मिलिसेकंद लागतात. जुळणी शोधायची मर्यादा तेवढीच ठेवलेली का असते ते यावरून ध्यानात येतं. ती आखडली तर लाटेची जोडच सापडत नाही आणि सूर गुरगुरतो. एकाच तुकड्यात पखवाज आणि पेटी दोन्ही असतील तर एकाचं समाधान करताना दुसरं रुसणारच.

ऑडॅसिटी मी २०२०ची, २.४.२ ही आवृत्ती घेतली. नव्या आवृत्त्या विंडोज १० आणि ११ डोळ्यांपुढे ठेवून बनतात. त्यांत थेट क्लिपची कड ओढून आवाज ताणायची सोय २०२३मध्ये आली, पण त्यासाठी या मशीनचा जीव घेण्यात अर्थ नव्हता. ‘चेंज टेम्पो’मध्ये साध्या पद्धतीला साउंडटच नावाचं इंजिन आहे, ओली पार्विआइनेन या फिनलंडच्या प्रोग्रॅमरचं. तो पहिल्याच मार्गाचा प्रवासी. तुकड्याची लांबी तो वेग पाहून स्वतः ठरवतो आणि हळू करताना तुकडे लांब घेतो, त्यामुळे रेल्यात पुन्हा तोच जादाचा धा. ऑडॅसिटीच्या खिडकीतून ही लांबी बदलता येत नाही. त्याच खिडकीत ‘हाय क्वालिटी स्ट्रेचिंग’ची एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली की एसबीएसएमएस नावाचं वेगळं इंजिन चालतं, ते आवाजाला शुद्ध कंपनांच्या धाग्यांत उलगडून ताणतं. लेहरा असा काही उतरला की मामा क्षणभर डोळे मिटून बसले. त्यानंतर त्याच इंजिनातून रेला लावला आणि त्यांनी डोळे उघडले. प्रत्येक अक्षर आहे, पण धार नाही; पखवाजावर गोणपाट टाकून वाजवल्यासारखं. मागाची खटखटही ‘खस खस’ होऊन बसलेली. आणि वेळ? एक छोटा तुकडा प्रक्रियेला लावून दुकानात जाऊन आधारकार्डाच्या प्रती काढून याव्यात, तरी पट्टी अर्ध्यावर.

मधे एक पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअरही पाहिलं, चाचणीपुरतं. नाव सांगत नाही. दिसायला देखणं, पण आवाजाची फाइल उघडली की ती लाटेचं चित्र काढत बसे आणि वेगाची दांडी सरकवली की आवाज अडखळे. ज्या मशीनला ते झेपतं त्यावर ते उत्तम असेलही. जालावर फाइल चढवून हळू करून देणारी ठिकाणंही आहेत. मामांनी तो विषय एका वाक्यात संपवला: “गुरुजींची तालीम कुणाच्या दारात नेऊन ठेवायची न्हाई.”

इथपर्यंत मी मनाशी एक धरून चाललो होतो की जुन्या मशीनला हलकंच सॉफ्टवेअर हवं. सगळेच तसं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. ऐकता ऐकता वेग बदलायचा असेल तर प्रत्येक सेकंदाचा आवाज एका सेकंदाच्या आत तयार व्हावा लागतो. तिथे प्रोसेसरचं वय आडवं येतं. पण हळू केलेला तुकडा एकदा फाइल म्हणून तयार करून ठेवायचा असेल तर घाई कसली? जड इंजिन जुन्या मशीनवर तेच उत्तर देतं जे नव्या मशीनवर देतं, फक्त उशिरा देतं. तयार झालेली फाइल मग कुठलाही डबडा वाजवतो. आम्हाला तर तेच तेच रेले वर्षभर लागणार होते. मग रात्र कशासाठी असते?

त्यावरून रबर बँडकडे वळलो. क्रिस कॅनम यांच्या ब्रेकफास्ट क्वे या छोट्या मंडळींचं हे इंजिन, मूळ बैठक दुसऱ्या मार्गाची. पण ठोका आला हे ते ओळखतं आणि तिथे कंपनांची घडी नव्याने बसवतं, म्हणजे धार पसरत नाही. हे नुसतं वाचून खरं वाटलं नसतं.

ते चालवायला मी विंडोजला हातच लावला नाही. पेनड्राइव्हवर अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स घेतलं, डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली त्याची २३वी आवृत्ती. प्रोसेसर मुळात ६४-बिटचाच आहे, फक्त विंडोज ३२-बिटचं होतं, त्यामुळे ६४-बिटचीच आवृत्ती चालली. मशीन चालू करताना पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, काम झालं की काढून घ्यायचं. डाँगलवालं विंडोज जसंच्या तसं. एकदा बसवलेली सॉफ्टवेअरं पुढच्या वेळीही राहावीत म्हणून ‘पर्सिस्टन्स’ची सोय निवडायची. इंटरनेटसाठी मोबाइल यूएसबीने जोडला. सॉक्स आणि रबर बँड दोन्ही डेबियनच्या भांडारातून फुकट उतरले. गंमत म्हणजे विंडोजवर धापा टाकणारं तेच मशीन इथे हुशारीने वागत होतं.

रबर बँडमध्ये दोन इंजिनं आहेत. जुनं, चपळ, आणि २०२२मध्ये ३.० आवृत्तीबरोबर आलेलं नवं, बारीक काम करणारं, प्रोसेसरला कितीतरी जास्त राबवणारं. जुन्या इंजिनात ठोक्याच्या धारेसाठी शून्य ते सहा अशी ‘क्रिस्पनेस’ची पायरी असते. न सांगता पाच धरते. सहा ही पायरी तालवाद्यांचा विचार करून ठेवलेली. मी रेला सहावर काढला. धा एकच, धार शाबूत, माग लंगडत नाही. लेहरा मात्र सहाला विस्कटतो, तो पाचला किंवा त्याखाली बरा. मग दोन्ही एकत्र असलेला तुकडा नव्या इंजिनातून काढला. रात्री लावून घरी गेलो. उन्हाळ्यात दिवसा इथे पारा चाळिशीच्या पुढे असतो, अशा वेळी मशीनला कामाला जुंपणंही बरं नव्हे. सकाळी ऐकलं तेव्हा पखवाज आणि पेटी दोन्ही आपापल्या जागी होती. मामांनी ऐकून काही शेरा दिला नाही, सरळ पखवाज मांडीवर घेतला. त्यांच्या लेखी पास.

एक गोष्ट मात्र पाटीवर लिहून ठेवावी अशी आहे. प्रत्येक सॉफ्टवेअर हळूपणा वेगळ्या भाषेत मागतं. लय ७० टक्के हवी असेल तर ऑडॅसिटीत उणे ३० लिहायचं. सॉक्समध्ये ०.७. रबर बँडला लयीच्या भाषेत सांगाल तर ०.७, पण लांबीच्या भाषेत सांगाल तर १.४३, कारण ते फाइल किती पट लांब होईल ते विचारतं. ऑडॅसिटीत कुणी उणे ५० म्हणजे ‘थोडं हळू’ समजेल. पण त्याने फाइल दुप्पट लांब होते. आता भिंतीवर कागद चिकटवलेला आहे, मराठीत, त्यावर तिन्हींचे आकडे शेजारी शेजारी. दत्तनगरचा एक पोरगा तेलुगूत मात्रा मोजतो, ओकटि, रेंडु, मूडु. त्याने कागदावर त्याच्या लिपीतही आकडे लिहून ठेवलेत.

सध्याची रीत अशी बसली आहे. नवीन तुकडा शोधायला, “इथून इथपर्यंत हवाय” हे ठरवायला व्हीएलसी. बोल तोंडाने म्हटलेले असतील तर सॉक्स, बोलण्यासाठीच्या सेटिंगवर. मिनिटभरात होतं आणि आवाज गुरुजींचाच वाटतो. वाजवलेला रेला रबर बँडच्या जुन्या इंजिनातून, सहाच्या पायरीवर. पखवाज-पेटी एकत्र असेल तर नव्या इंजिनातून, रात्री. ऑडॅसिटी कापाकापी, वेगदुरुस्ती आणि आवाजाची पातळी सारखी करण्यापुरती. प्रत्येक रेल्याच्या तीन फायली: ७० टक्के, ८५ टक्के आणि मूळ. पखवाज आणि पेटी आधी वेगळी काढून मग ताणणारी नवी सॉफ्टवेअरं आलीत, ती या मशीनच्या आवाक्यातली नाहीत. भाच्याच्या लॅपटॉपवर कधीतरी करून बघू.

वापरायला लागल्यावर मामांनी एक पकडलं, जे कुठल्याच सॉफ्टवेअरच्या माहितीत मला दिसलं नव्हतं. माणूस हळू वाजवतो तेव्हा दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं, पण ठोका तेवढाच राहतो. मशीन हळू करतं तेव्हा ठोक्याची आसही ताणली जाते. ‘धुम’ची गुंज जितकी असायला हवी त्यापेक्षा लांब ऐकू येते. पोरं ती लांब गुंज खरी समजून डावा हात अंमळ जास्त मोकळा सोडत होती आणि लय वाढली की तोच हात मागे राहत होता. म्हणून आता क्रम असा: ७० टक्के दोन आवर्तनं, लगेच मूळ एक आवर्तन, मग पखवाजाला हात. साठ टक्क्यांच्या खाली मामांनी साफ मनाई केली आहे. त्याहून हळू काही हवं असेल तर ते स्वतः वाजवून दाखवतात आणि मी ते मोबाइलवर घेऊन त्याच फोल्डरमध्ये टाकतो.